यादीत नसलेल्या बाई

अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. आजीने लहानपणी सप्त चिरंजीव पाठ करून घेतले होते, त्यांतला एखादा अजूनही ऐन वेळी निसटतो. हे सात देश निसटत नाहीत. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्याचा परवाना हवा तर पासपोर्ट या सातांपैकी एका देशाचा हवा, नाहीतर निदान पदवी तरी तिथली हवी, असा तिथला दंडक आहे. पूर्वी प्रांताप्रांतात तो थोडाफार सैल असायचा. एप्रिल २०१७ पासून परदेशी माणसांच्या कामाच्या परवान्याची पद्धत देशभर एकच झाली आणि सैलपणा संपला. तेव्हा मी हपेई प्रांतातल्या शिजियाझुआंग शहरात एका खासगी कॉलेजात शिकवत होते. चौथं वर्ष होतं. जुलैमध्ये दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन लालबागला परत आले.

हे आता उकरून काढायचं कारण आमच्या चाळीतला एक मुलगा. बी.ए. झालाय, इंग्रजी बरं बोलतो, दादरच्या एका क्लासमध्ये लहान मुलांना शिकवतो. परवा रात्री मोबाइल पुढे करत आला. "ताई, हे बघ ना जरा." कुठल्याशा एजंटचा मेसेज होता. चीनमधल्या बालवाडीत इंग्रजीचे शिक्षक पाहिजेत, महिना लाखभर रुपये, राहणं फुकट, तिकीट आम्ही काढू, बिझनेस व्हिसावर या, बाकी तिथे बघू. पाच वर्षांहून जास्त काळ बंद असलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यांच्या पाठोपाठ एजंटही जागे झालेले दिसतात.

मी म्हटलं, सगळी मेख त्या 'बाकी तिथे बघू'त आहे. तिथला कायदा जुलै २०१३ पासून स्पष्ट आहे. परवान्याशिवाय काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला पाच ते वीस हजार युआन दंड, आणि प्रकरण गंभीर ठरलं तर वर पाच ते पंधरा दिवस कोठडी. एक युआन म्हणजे सध्याचे बाराएक रुपये, हिशेब कर. पकडला जातो तो शिकवणारा. एजंट तोवर फोन उचलायचा बंद झालेला असतो. कामाचा व्हिसा झेड अक्षराचा. दुसऱ्या कुठल्याही अक्षरावर वर्गात उभं राहायचं नाही.

"मग तू कशी गेलीस?" त्याने विचारलं.

मी झेडवरच गेले. पण का गेले, हे त्याला त्या रात्री सांगितलं नाही. कंटाळून गेले. वडील गिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. १९८२ चा संप झाला तेव्हा मी तीन वर्षांची. त्यानंतर घर आईच्या खाणावळीवर चाललं. परळच्या मराठी शाळेत शिकले. तेव्हा एबीसीडी पाचवीत यायची. घरात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची पानं सुटलेली एक प्रत होती, तिच्यावर मी आणि भावाने बरीच मारामारी केली. पुढे कीर्ती कॉलेज, मग इंग्रजीत एम.ए., बी.एड. आणि मग एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेतली मुलाखत. पाठ घेऊन दाखवला, मुलं हसली-बोलली, मला वाटलं जमलं. मुलाखत घेणाऱ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, विषय छान येतो तुम्हाला, पण उच्चार जरा 'व्हर्नॅक' वाटतात, पालक तक्रार करतील. हा शब्द मुंबईबाहेरच्या वाचकांना माहीत नसेल. व्हर्नॅक्युलरचा तुकडा. मराठी शाळेत शिकलेल्या पोरांना कॉलेजात चिकटतो आणि सहजी सुटत नाही. नंतरची आठ-नऊ वर्षं मी दादरला तासावारी क्लास घेतले. २०१३ मध्ये ओळखीच्या एका प्राध्यापकांनी शिजियाझुआंगच्या कॉलेजचं नाव सांगितलं. सहा हजार युआन पगार, कॉलेजच्या आवारात खोली, वर्ष पूर्ण केलं की विमानाचं भाडं. तेव्हा युआन दहा रुपयांना होता. आई एवढंच म्हणाली, "चीनला? तिथे खाणार काय?" आणि दोन किलो मालवणी मसाला करून दिला.

शिजियाझुआंग पर्यटकांचं शहर नाही. बीजिंगहून वेगवान रेल्वेने दीड तासाच्या आत पोचता येतं, पण मुद्दाम जावं असं तिथे फारसं काही नाही. मला मात्र ते दुसऱ्याच आठवड्यात ओळखीचं वाटू लागलं, कारण ते गिरणगाव होतं. १९५० च्या दशकात सरकारने तिथे एका ओळीत मोठमोठ्या कापड गिरण्या उभ्या केल्या. गिरणीला नाव नाही, नंबर. एक नंबर, दोन नंबर अशा. १९९० च्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखान्यांची छाटणी झाली आणि हजारोंनी माणसं घरी बसली. माझ्या वरच्या मजल्यावर निवृत्त गिरणी कामगार बाई राहायच्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला चिनी. एकदा जिन्यात त्यांनी मला काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी हवेत एका हाताने धोटा फेकला आणि दुसऱ्या हाताने झेलला. मग दोन्ही तळवे कानांवर ठेवले. मी जिन्यातच बसले. आमचे बाबा मरेपर्यंत घरात ओरडूनच बोलायचे, तेही साच्यांनीच अर्धे कान नेले होते म्हणून. बाबांचं कसं सांगावं कळेना. मीही धोटा फेकून दाखवला. त्यानंतर चार वर्षं त्या बाई दर थंडीत माझ्या दाराला मोमोसारख्या च्याओत्झ लावून ठेवायच्या, आणि मी त्यांना संक्रांतीला तिळाची वडी द्यायचे.

थंडी मात्र वाईट. १५ नोव्हेंबरला शहरभरच्या घरांत ऊब देणारे गरम पाण्याचे पाइप सरकारी वेळापत्रकाने सुरू व्हायचे आणि १५ मार्चला बंद. त्याच्या आधी किंवा नंतर गारठलात तर तुमचं तुम्ही बघा. हवा तर काही विचारू नका. त्या वर्षांत हे शहर चीनमधल्या सर्वांत घाणेरड्या हवेच्या शहरांत मोजलं जायचं. मुंबईच्या पावसात हिंदमाताला तुंबलेल्या गुडघाभर पाण्यातून चालत घर गाठलेल्या मला वाटायचं आपल्याला काय होतंय. पहिल्या डिसेंबरातच खोकून खोकून बरगडी दुखली.

वर्ग पन्नासचा. मुलं लाजरी, अभ्यासू. त्यांचं अक्षर बघून मी थक्क झाले. छापल्यासारखं, गोल, एकसारखं, पन्नास वह्या एकाच हाताने लिहिल्यासारख्या. नंतर कळलं की याच प्रांतातलं हंगश्वेइ हायस्कूल परीक्षेच्या घाण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे आणि तिथल्या वळणाच्या इंग्रजी अक्षराला चक्क 'हंगश्वेइ वळण' म्हणतात. पेपर तपासणाऱ्याच्या डोळ्याला बरं वाटावं म्हणून. जूनमधल्या 'गाओकाओ' या प्रवेश परीक्षेत ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे. त्यामुळे व्याकरणाचे नियम माझ्याहून चोख. पण "काल काय केलंस?" असं इंग्रजीत विचारलं की पन्नास माना खाली. आमच्या दहावीच्या वर्गात हेच चित्र असायचं, मीही त्या माना खाली घालणाऱ्यांतलीच होते.

त्या मुलांना मी बऱ्यापैकी शिकवलं. हे मी विनय बाजूला ठेवून लिहिते, कारण वादाचा मुद्दाच तो आहे. मराठीत 'ए' आणि 'द' नाहीत, चिनीतही नाहीत. 'द' कुठे घालायचा हे मला कोणी पाळण्यात शिकवलं नव्हतं. मी ते ठेचा खात शिकले होते, म्हणून ठेच कुठे लागणार हे आधीच दिसायचं. 'तो' आणि 'ती' दोघांनाही चिनीत बोलताना 'था' म्हणतात, त्यामुळे आईबद्दल बोलता बोलता मुलं 'ही' म्हणून जातात. अमेरिकन सहकाऱ्यांना ते गमतीचं वाटायचं. मला मराठी पोरांचं 'आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स' आठवायचं. आणि चिनी मुलांची भाषा माझ्या कानाला परकी नव्हती. आपला 'चमच्या'तला च वेगळा आणि 'चहा'तला च वेगळा, तसा फरक त्यांच्याकडेही आहे. प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे भेदही आहेत. इंग्रजी कानाला ते ऐकूच येत नाहीत. (चहा हा शब्द तर आपण त्यांच्याकडूनच घेतला आणि नंतर त्यात इतकं दूध घातलं की त्यांना ओळखू येईना.) माझी बाजू लंगडी होती ती एका ठिकाणी. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' मराठी तोंडात एकच. तो भाग मी ध्वनिफिती लावून शिकवायचे आणि आधीच सांगायचे की हे माझ्याकडून शिकू नका.

शेजारच्या टेबलावर तेवीस वर्षांचा एक अमेरिकन मुलगा होता. भला मुलगा. पदवी कसल्याशा वेगळ्याच विषयातली, शिकवण्याचा अनुभव नाही. 'हू' आणि 'हूम' कधी वापरायचं हे तो मला विचारायचा. त्याचा पगार दहा हजार. हे मला त्यानेच सांगितलं, आणि सांगताना कानापर्यंत लाल झाला.

आता कबुलीजबाब. पैसे कमी पडायचे म्हणून शनिवारी मी एका शिकवणी केंद्रात जाऊ लागले. केंद्रचालक म्हणाले, पालकांनी विचारलं तर तुम्ही लंडनच्या, असं सांगा. इंदु म्हटलं की फी वसूल होत नाही. इंदु म्हणजे इंडिया. मी सांगितलं. तीन शनिवार सांगितलं. तिसऱ्या शनिवारी 'माझं घर' हा धडा होता. मी फळ्यावर घर काढायला लागले आणि हात आपोआप चालत गेला: लांब गॅलरी, ओळीने दारं, वाळत घातलेले कपडे, खाली नळ. सात-आठ वर्षांची एक मुलगी बराच वेळ बघत होती. तिने विचारलं, "लंडनमध्ये सगळी माणसं एकाच घरात राहतात?" पुढच्या शनिवारपासून मी गेले नाही. त्या केंद्राने आठवडाभरात कोणीतरी सोनेरी केसांचा माणूस आणला. त्याची मातृभाषा रशियन होती असं मला नंतर कळलं, पण फी वसूल झाली.

इथे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एप्रिलमध्ये छिंगमिंग असतो, आपल्या सर्वपित्रीसारखा पूर्वजांचा दिवस, त्यांच्या थडग्यांची साफसफाई करायचा. विद्यार्थी मला शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत घेऊन गेले. तिथे कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून आहेत आणि आपले कोटणीस आहेत, पुतळ्यासकट. मुलं त्यांना 'ख दीहुआ' म्हणतात, ते त्यांचं चिनी नाव. सोलापूरला १९१० मध्ये जन्मलेला हा माणूस शिकला परळच्या जी. एस. मेडिकलमध्ये, ज्याच्या दारावरून मी शाळेत जायचे. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते गेले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, याच प्रांतात वारले. परळच्याच राजकमलने १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, शांतारामबापू स्वतः कोटणीस झाले. मला माहीत होतं ते तेवढंच, चित्रपटातलं. तिथे एका विद्यार्थिनीने मला सांगितलं की ते चिनी शिकले आणि वैद्यकाच्या मुलांना चिनीतच शिकवायचे.

हे मनात रुतून बसलं. चार वर्षांत माझं चिनी भाजीबाजारापलीकडे गेलं नाही. इंग्रजी शिकवायला बोलावलेल्या माणसाला तिथली भाषा न आलेलीच बरी, असं कॉलेजही म्हणायचं, आणि मला ते सोयीचं होतं. लंडनच्या थापेपेक्षा याची मला जास्त लाज वाटते. वरच्या मजल्यावरच्या बाईंशी मी चार वर्षं हातवाऱ्यांनी बोलले.

शेवटचा मे महिना गमतीचा गेला. २०१७ च्या मे महिन्यात 'दंगल' तिथे लागला आणि अचानक इंदु असण्याला भाव आला. रिक्षावाले, भाजीवाली, कॉलेजचा वॉचमन, सगळे आमिर खानबद्दल विचारायचे. त्याच महिन्यात परवान्याच्या नूतनीकरणाचे कागद परत आले. कॉलेजचे अधिकारी अवघडून म्हणाले, तुमच्या कामाबद्दल काहीच तक्रार नाही, यादी आहे. मी भांडले नाही. त्यांचा देश, कोणाला परवाना द्यायचा हा त्यांचा हक्क. पण शिकवण्याच्या दृष्टीने ही यादी खुळी आहे असं माझं तेव्हा मत होतं आणि आज जास्त पक्कं आहे.

परत आल्यावर जुन्या विद्यार्थ्यांच्या धाकट्या भावंडांना ऑनलाइन शिकवू लागले. तिथले सकाळचे आठ म्हणजे आपले साडेपाच, म्हणजे चाळीत पाणी यायची वेळ. पाठीमागे बादल्यांचा आवाज, पुढे मोबाइलवर तिथलं पोरगं. तेही टिकलं नाही. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅप बंद केली, त्यांत वीचॅट गेलं आणि त्यासोबत माझे सगळे वर्ग-गट एका रात्रीत गेले. गलवानच्या चकमकीनंतरचे दिवस होते, कोणाकडे तक्रार करणार? काही जण ईमेलवर पुन्हा भेटले. मग जुलै २०२१ मध्ये चीनने शाळेच्या विषयांच्या खासगी शिकवण्यांवरच कुऱ्हाड घातली आणि परदेशात बसून तिथल्या मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकांनाही मनाई केली. न्यू ओरिएंटल नावाच्या एकट्या कंपनीने साठ हजार माणसं कमी केली. तेव्हा यादीतले सातही देश माझ्याबरोबर घरी बसले.

मला राग यादीचा आहे. पण तिच्याविषयी आपण मुंबईकरांनी तावातावाने बोलावं, हे मला पटत नाही. आपली यादी कागदावर नाही, एवढाच फरक. महाराष्ट्राने २००० मध्ये पहिलीपासून इंग्रजी आणलं. चीनने २००१ मध्ये तिसरीपासून आणायचं ठरवलं. दोघांपुढे प्रश्न एकच, शिकवणार कोण? तिथे ज्याला जमलं त्याने गोरा चेहरा विकत घेतला. आपण असलेल्या बाईंना चार दिवसांचं प्रशिक्षण देऊन "घ्या सांभाळून" म्हटलं. आणि मग ज्या पालकांना परवडलं त्यांनी पोरं इंग्रजी शाळेत घातली, तिथे त्यांना 'व्हर्नॅक' नसलेल्या बाई हव्या होत्या. गिरगावात, दादरमध्ये मराठी शाळांचे वर्ग ओस पडले त्याची कारणं अनेक आहेत, त्यांतलं एक हेही आहे की मराठीतून आलेला माणूस इंग्रजी नीट शिकवू शकतो यावर आपलाच विश्वास नाही. सरकारचा नव्हता, संस्थाचालकांचा नव्हता आणि खरं सांगायचं तर पालकांचाही नव्हता. माझ्या सख्ख्या भावाने मुलीसाठी शाळा निवडताना मला विचारलं, "तिथले टीचर कॉन्व्हेंटचे आहेत ना ग?" त्याच्यासमोर त्याची बहीण उभी होती, इंग्रजीची एम.ए.

मला उपाय विचाराल तर तो महाग नाही. मराठी शाळांतल्या इंग्रजीच्या शिक्षकांना वर्षातून चार दिवसांऐवजी सलग दोन-तीन महिने पगारी रजेवर बोलायला, ऐकायला, वाचायला लावा. उच्चारासाठी ध्वनिफिती आहेत. 'द' कुठे घालायचा हे समजावणारा माणूस मात्र ध्वनिफितीत मिळत नाही. आणि मुलाखतीत उमेदवार कुठल्या माध्यमातून आला हे विचारणं थांबवा. एवढं झालं तर चाळीतल्या त्या मुलाला चीनच्या बालवाडीची गरज पडणार नाही.

सध्या मी परळला एका रात्रशाळेत शिकवते. कुरिअरवाले, मॉलमधले मदतनीस, घरकाम करून येणाऱ्या बायका. मॉल जिथे आहे तिथे पूर्वी काय होतं हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नाही. मी अधूनमधून सांगते. मला सगळे 'बाई' म्हणतात.

तो मुलगा "विचार करतो" म्हणाला. एजंटचा मेसेज त्याने अजून पुसलेला नाही. दादरच्या क्लासमध्ये त्याला तासाचे किती मिळतात ते मला माहीत आहे, त्यामुळे जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. त्याला जे सांगितलं तेच असा मेसेज आलेल्या प्रत्येकाला सांगते. आधी कामाच्या परवान्याचं सरकारी पत्र मागा, तुमच्या नावाचं आणि 'शिक्षक' असं स्पष्ट लिहिलेलं. ते हातात पडेपर्यंत पासपोर्ट कोणाला देऊ नका, एक रुपया भरू नका, आणि "बाकी तिथे बघू" असं म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.